आत वळलेली फांदी

१

दादाला जाऊन एकवीस दिवस झाले होते. या एकवीस दिवसांत फटाक्याने जेवणं चुकवली, आंघोळी चुकवल्या, गॅरेजला चार दांड्या मारल्या, पण सकाळी अंगण झाडायचं काही चुकवलं नाही.

फटाक्या हे त्याचं खरं नाव नव्हे. पण गॅरेजच्या मिस्त्रीपासून भिंतीपलीकडच्या शिंपीकाकांपर्यंत सगळे त्याला तेच म्हणायचे. वात लागायला वेळ लागत नसे. चौथीत मास्तरांच्या अंगावर पाटी फेकून तो शाळेबाहेर पडला, तो परत गेलाच नाही. आई-बाप आधीच गेलेले. अकरा वर्षांनी मोठा दादा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर वाचायचा. त्यानेच याला भरवलं, मारलं, जवळ घेतलं.

अंगण म्हणजे काय, गेटपासून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंतची एक पट्टी. तिच्या कडेने गुलाबाची अकरा झाडं. ठेंगणी, झुडपासारखी, गुडघ्याच्या वर कधी न जाणारी. दादाने नर्सरीतून दोन आणली होती आणि त्यांच्याच फांद्या मातीत खोचून बाकीची नऊ केली होती.

“आपल्यासारख्यांचा गुलाब आहे हा,” दादा म्हणायचा. “ना फवारणी, ना काठीचा आधार, ना लाड. आठवड्याला दोन बादल्या पाणी, वर्षातून एकदा छाटणी. बाकी त्याचं तो बघतो.”

खरंच बघायचा. सुकलेली फुलंही खुडावी लागत नसत. पाकळ्या आपापल्या गळायच्या आणि सकाळी गुलाबी कचरा होऊन पडायच्या. तेवढा झाडला की काम संपलं.

त्या सकाळी गेटाजवळच्या पहिल्या झाडाखाली पाकळ्यांच्या शेजारी पाच फांद्या पडल्या होत्या. बोटाएवढ्या लांब, ताज्या कापलेल्या. पडल्या होत्या म्हणणंही चूक; ठेवल्या होत्या. एकमेकींना लागून, झोपवल्यासारख्या, सगळ्यांचे काटे एका अंगाला.

फटाक्याच्या हातातला झाडू थांबला. काटे एका अंगाला करून ठेवायची सवय या घरात एकाच माणसाला होती.

“वहिनी!” त्याने हाक मारली. “झाडं तुम्ही छाटलीत?”

वहिनी दारात आली. सातवा महिना होता. चौकटीला धरूनच ती उभी राहायची.

“मी? मला खाली बसलं तर उठता येत नाही भाऊजी. क्रेन लागेल.”

एकवीस दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती. फटाक्याही हसला. फांद्या उचलून त्याने कचऱ्यात टाकल्या. कुणी पोराटोरांनी केलं असेल, म्हणून तो कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाखाली चार फांद्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याखाली सहा.

२

काय कापलं जातंय, ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

दादाने त्याला छाटणी शिकवली होती; म्हणजे दादा शिकवत होता आणि हा कंटाळत होता. मेलेली काढायची, रोगट काढायची, आणि आत वळलेली काढायची. पहिल्या दोन कुणालाही दिसतात. तिसरी ओळखायला नजर लागते. हिरवीगार, पानाफुलांची, पण बाहेर उजेडाकडे जायचं सोडून झाडाच्या पोटात शिरणारी.

तिन्ही झाडांतून फक्त आत वळलेल्या फांद्याच गेल्या होत्या. झाडं मधून मोकळी झाली होती, ओंजळ उघडल्यासारखी.

फटाक्या उकिडवा बसून बघत राहिला. आत वळलेल्या फांदीवरचं दादाचं ते बोलणं त्याला शब्दन् शब्द पाठ होतं.

सुटीचा दिवस होता. दादा पाचव्या झाडाशी बसला होता, नेहमीसारखा चवड्यांवर, टाचा उचललेल्या. डाव्या हातात सिकेटर. दादा डावरा, छाटणीची ती छोटी, स्प्रिंगची कात्रीसुद्धा त्याने डावऱ्यांची शोधून आणली होती, पातं उलट्या बाजूला असलेली. स्प्रिंग जुनी झाली होती. कापताना ‘कच्’ व्हायचं आणि पातं उघडताना ‘किर्र’. कच्, किर्र. कच्, किर्र. घराला तो आवाज इतका सवयीचा होता, की थांबल्यावरच ऐकू यायचा.

आदल्या दिवशी फटाक्याने गॅरेजात एका गिऱ्हाइकाच्या जबड्यावर पाना हाणला होता. मिस्त्री घरी येऊन सांगून गेला होता.

“बाळ यायच्या आत तू तुझी खोली बघ,” दादा मान वर न करता म्हणाला.

“हाकलतोयस मला?”

“हाकलत नाही. ही बघ.” दादाने एक फांदी बोटाने उचलली. “वाईट आहे का? नाही. पण आत वळलीय. वाऱ्याने हलली की शेजारणीला घासते, तिची साल सोलते. हिला इथून कापलं, की खालच्या डोळ्यातून दहा-बारा दिवसांत लाल कोंब फुटतो. बाहेरच्या अंगाला. हिचंही भलंच होतं त्यात.”

“मी फांदी आहे का रे तुझी? हं? फांदी आहे?”

आणि फटाक्याने मूठ हाणली. उजवी, छातीवर. फार जोरात नव्हती, असं तो अजूनही स्वतःला सांगायचा. पण चवड्यांवर बसलेल्या माणसाला कितीसा जोर लागतो? दादा कुशीवर कोसळला आणि डावा हात अंगाखाली गेला. सिकेटर उघडा होता.

दादा लगेच उठून बसला. पोटाजवळ शर्टाला लाल ठिपका होता, पाकळीएवढा.

“काही नाही,” तो म्हणाला. “काही नाही रे. घाबरू नकोस.”

दवाखान्यात डॉक्टरांना त्याने सांगितलं, “झाडं छाटताना तोल गेला. माझ्याच हाताने लागलं.” सांगताना तो फटाक्याकडे बघत होता. जखम आत सडली, ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी दादा गेला.

सगळे पांगल्यावर, भर दुपारी, फटाक्याने तो सिकेटर मिटवला, खिट्टी लावली, फडक्यात गुंडाळला आणि गॅरेजच्या मागच्या पिंपात सोडला. गाड्यांचं जुनं, काळं झालेलं ऑइल त्या पिंपात ओतत. त्यात गेलेलं काही कुणी शोधत नाही.

वहिनीला त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं. आणि या घराशिवाय, दादाच्या होऊ घातलेल्या लेकराशिवाय, त्याला जगात होतं कोण?

३

पाचव्या दिवशी त्याला चोर सापडला.

अंगण झाडताना त्याने मान वर केली, तर कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शिंपीकाका उभे. गळ्यात टेप, हातात कात्री. नजर पाचव्या झाडावर.

“छान मोकळी केलीस रे झाडं,” काका म्हणाले.

बस्स. वात लागली. फटाक्याने हात घालून त्यांची कॉलर धरली आणि सत्तर किलोचा तो माणूस भिंतीवरून अलीकडे ओढला. काका तोंडावर आपटले. याने त्यांना उताणं केलं आणि हाणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तिसऱ्याला मुठीखाली काहीतरी कडकन मोडलं.

“माझ्या दादाच्या झाडांना हात लावतोस? थेरड्या! त्याची थट्टा करतोस?”

“मी नाही रे! अरे मेल्या, मी नाही!”

वहिनी ओरडत आली. पोट सांभाळत तिने मागून त्याचा शर्ट धरला, तेव्हा कुठे तो थांबला. काका उठून बसले. तोंडात बोट घालून त्यांनी एक दात बाहेर काढला आणि हातावर घेऊन बघत राहिले.

“हलत होताच,” ते म्हणाले. “डॉक्टरची फी वाचली.” मग त्यांचे डोळे भरले. “तुझ्या दादाने कधी आवाज चढवला नाही रे माझ्यावर.”

वहिनीने पाणी आणलं. काकांनी चूळ भरली, लाल थुंकी टाकली आणि पाचव्या झाडाखालची एक फांदी उचलली.

“चाळीस वर्षं कात्री चालवतोय मी. कुठल्या हाताने कापलंय ते मला कडेवरून कळतं. मी उजवा आहे, मूर्खा. हे बघ, पातं या बाजूने आलंय. हा डावऱ्याचा काप आहे. आणि हात बसलेला आहे, एक दोरा सुटलेला नाही.” त्यांनी फांदी डोळ्यांजवळ नेली. “फक्त कात्री पुसत नाही लेकाचा. कडेला काळं ऑइल लागलंय.”

फटाक्याने फांदी हिसकावून घेतली. कापाच्या कडेने एक बारीक काळी रेघ होती. त्याने वास घेतला. तो वास त्याच्या स्वतःच्या नखांत रोज असायचा.

“तू नाहीस होय?” काका गोंधळून म्हणाले. “मी दुपारी मशीनवर असतो. अडीचच्या सुमाराला आवाज येतो, कच्, किर्र. मला वाटलं, धाकट्याने भावाचं काम हातात घेतलं. बरं वाटलं होतं मला.”

वहिनीने एकदा फटाक्याकडे बघितलं. काकांना धरून ती त्यांना त्यांच्या दारापर्यंत सोडायला गेली.

४

गॅरेजच्या मागे ऊन पडलं होतं. पिंपाच्या तोंडावर पत्रा ठेवलेला होता, पत्र्यावर वीट. वीट त्याने स्वतः ठेवली होती, तशीच होती. म्हणजे कुणी हात लावला नव्हता. म्हणजे हे सगळं कुणा दुसऱ्याचं काम, दुसऱ्या सिकेटरचं. डावरे काय जगात एकच असतात? ऑइल काय एकाच पिंपात असतं?

असं मनाशी म्हणत त्याने बाही वर केली आणि हात आत घातला. कोपर बुडालं, दंड बुडाला, गाल पिंपाच्या काठाला टेकला. ऑइल कोमट होतं. बोटांना तळाचा गाळ लागला, एक नट लागला, मग फडकं लागलं.

फडकं रिकामं होतं.

तो चाचपडत राहिला. मग मुठीत दांडे आले. हात बाहेर काढला तेव्हा काळ्या धारा गळत होत्या. सिकेटर होता. आहे की! जागच्या जागी आहे! त्याला हसू फुटलं. ते अर्ध्यातच विरलं.

खिट्टी निघालेली होती. पातं उघडं होतं. आणि पात्याच्या बेचक्यात, ऑइलने चमकणारं, गुलाबाचं एक पान अडकलेलं होतं. अजून हिरवं होतं.

“काय रे, आंघोळ करतोस का त्यात?” मिस्त्रीने पुढून हाक मारली.

फटाक्याने सिकेटर पुन्हा पिंपात टाकला. बुडायला त्याला जरा जास्तच वेळ लागल्यासारखा वाटला.

५

सहाव्या दिवशी सकाळी सहाव्या झाडाखाली काही नव्हतं. फटाक्या गॅरेजला गेलाच नाही. जेवण झाल्यावर वहिनी आत आडवी झाली आणि हा मोठा पाना मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला. समोर सहावं झाड. अंतर चार पावलं. ऊन असं, की डोळे बारीक करावे लागत होते. पलीकडे शिंपीकाकांचं मशीन चालू होतं.

दोन वाजले. सव्वादोन. झाडावर एक भुंगा येऊन गेला. पाकळी गळली. फटाक्याला आपलंच हसू आलं. दिवसाढवळ्या, भर उन्हात, पाना घेऊन गुलाबाची राखण करतोय.

काकांचं मशीन थांबलं.

मशीन थांबलं आणि त्याखालचा आवाज वर आला. कच्, किर्र. तो आधीपासूनच येत होता. मशीनच्या आवाजात मिसळून, कोण जाणे कधीपासून.

झाड हलत नव्हतं. आवाज मात्र झाडातूनच येत होता, शांत, सवडीने, मध्ये एखादी फांदी निरखायला लागेल एवढा थांबत. कच्. थोडा वेळ काही नाही. किर्र.

“कोण आहे?” फटाक्या उठला. “दादा?”

गेटबाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला. त्याने तिकडे बघितलं. पापणी लवण्याएवढाच वेळ. वळला तेव्हा झाडाखाली पाच फांद्या शेजारी शेजारी होत्या, काटे एका अंगाला. समोरच्या मऊ मातीत दोन खळगे उमटले होते. चवड्यांचे. टाचांचे ठसे नव्हते.

यानंतर त्याने जे केलं, ते भीतीने केलं की रागाने, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. घडवंचीखाली कुदळ होती. त्याने ती सहाव्या झाडावर घातली. मग सातव्यावर. एकेका घावाला झाड चिरफाळत होतं, पांढरा गर दिसत होता. आठव्याशी कुदळीचा दांडा मोडला, तेव्हा त्याने हातांनी धरून ओढायला सुरुवात केली. काटे तळव्यांत घुसत होते आणि तो शिव्या देत होता, झाडांना, दादाला, देवाला.

“घे! घे छाटून! काय छाटायचं ते छाट आता!”

मागे वळून त्याने पहिली पाचही तोडली. अकराच्या अकरा. पानं, फुलं, माती, रक्त, सगळा चिखल झाला. भिंतीपलीकडे काका उभे होते; सुजलेल्या तोंडावर हात ठेवून. दारात वहिनी होती. ती ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, “मुळं तशीच आहेत, भाऊजी.”

“काय?”

“काही नाही. हात धुवा.”

६

दोन दिवस काही झालं नाही. अंगण ओकंबोकं होतं, झाडायला पाकळ्याही नव्हत्या. फटाक्याचे तळवे सुजून भाकरीसारखे फुगले. मिस्त्रीने त्याला जाड सुती हातमोजे दिले.

“हे घाल. आणि कुणाला मारू नकोस दोन दिवस, हात नाजूक आहेत तुझे,” असं म्हणून मिस्त्री स्वतःच खो-खो हसला.

झाडंच नाहीत, तर छाटणार काय? त्या हिशोबाने फटाक्याला बरं वाटायला लागलं होतं. तिसऱ्या दुपारी तो घरी आला, हातमोजे काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि न्हाणीघरात गेला. तोंडावर पाणी मारत असताना नळाच्या आवाजाखाली काहीतरी ऐकू आलं.

त्याने नळ बंद केला.

कच्, किर्र.

अंगणातून नाही. घरातून. भिंतीच्या या बाजूने.

तो ओल्या तोंडाने धावला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. डावा हातमोजा जसाच्या तसा होता. उजव्याचा अंगठा शाबूत होता. बाकीची चार बोटं मुळाशी तिरकी कापलेली, टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली. कडेने बारीक काळी रेघ.

त्याने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. उघडला, मिटला. मूठ वळली की चार बोटं आत वळतात. अंगठा तेवढा बाहेर राहतो.

आपल्याला हे कळलं, हे त्याने स्वतःला कळू दिलं नाही.

७

वहिनी मागच्या बाजूने वाळलेले कपडे घेऊन आली. त्याने ती चार सुती बोटं तिच्यासमोर उचलून आपटली.

“हे तुम्ही केलंत?”

वहिनीने बघितलं. बघून तिला नवल वाटलं नाही. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तिने कपडे ओट्यावर ठेवले.

“बसा भाऊजी.”

“बसत नाही. सांगा.”

“मी काय सांगू? तुम्हालाच मला काही सांगायचं होतं ना? मी महिनाभर वाट बघतेय.”

नळातून थेंब पडत होता.

“कसली वाट?” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

“दुसऱ्या दिवशीच सांगितलं त्यांनी मला. दवाखान्यात. तुम्ही बाहेर बाकावर झोपला होतात.” वहिनी सावकाश बोलत होती, ताटातले खडे वेचावेत तशी. “म्हणाले, त्याला काही बोलू नकोस. मुद्दाम नाही केलं त्याने. तो आपणहून सांगेल तुला. थोडा वेळ दे त्याला. मी विचारलं, आणि नाही सांगितलं तर?”

“तर?”

“म्हणाले, तर मी बघतो.” तिने ओठ आवळले. “अंगात ताप होता. मला वाटलं, तापात बोलतायत.”

फटाक्याच्या पायांखालची जमीन सरकली. ती जमीन महिनाभर खोटीच होती, पण पाय तिच्यावरच होते.

“तुम्ही खोली बघा भाऊजी,” वहिनी म्हणाली. “जेवायला या, बाळाला खेळवायला या. मी तुम्हाला तोडत नाही. पण राहायला नको. पोराच्या अंगावर कधी हात उठला तर मी काय करू? त्यांचं शेवटचं सांगणं होतं ते.”

“घर माझंपण आहे!”

“आहे.”

“भाऊ होता तो माझा! माझा! तुम्ही काल आलात!”

“आणि माझा कोण होता?” वहिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुम्ही माझा कोण मारलात?”

ते शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं, असं त्याला वाटलं. वाटलं एवढंच, मूठ त्याच्या आधीच वर गेली होती. उजवी. खांद्याच्या मागे, पूर्ण ताणलेली. वहिनीचे दोन्ही हात चेहऱ्याकडे गेले नाहीत, पोटाकडे गेले. ते त्याला दिसलं. मी थांबणारच होतो, असं तो पुढे जन्मभर म्हणणार होता. त्या क्षणी मात्र मूठ हवेत होती आणि वळत चालली होती.

किर्र.

आधी ‘किर्र’ आला. पातं उघडल्याचा. नेहमीच्या उलट क्रम.

टेबल आणि ओटा यांच्यामध्ये, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुणीतरी बसलेलं होतं. चवड्यांवर, टाचा उचललेल्या. निळ्या चौकड्यांच्या विटक्या शर्टाची पाठ. मान खाली, कामात असलेल्या माणसाची. डावं कोपर बाहेर आलेलं, आणि कोपरापर्यंतचा हात काळाभोर, चमकणारा, ठिबकणारा. मग ते उठल्यासारखं झालं, किंवा फटाक्याचाच हात खाली गेला. मनगटाला कोमट, तेलकट बोटं लागली. पकड घट्ट नव्हती. लहानपणी नखं कापताना धरायची तशी होती.

“काही नाही रे,” अगदी जवळून ऐकू आलं. “घाबरू नकोस.”

कच्.

किर्र.

कच्.

फांदी निरखायला लागेल तेवढा थांबत, एकूण चार वेळा.

८

“कशाने झालं हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“झाडं छाटताना लागलं,” वहिनी म्हणाली. “त्यांच्याच हाताने.”

डॉक्टरांनी चष्मा वर करून एकदा फटाक्याकडे आणि एकदा जखमांकडे बघितलं. चारही तिरक्या, एका रेषेत, स्वच्छ. “सफाई चांगली आहे,” ते पुटपुटले.

बाहेर बाकावर दोघं शेजारी बसली. त्याच बाकावर. फटाक्या म्हणाला, “मी हाणलं त्याला, वहिनी. छातीवर. सिकेटर उघडा होता त्याच्या हातात.”

वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिने “हं” म्हटलं. मग पदराने त्याच्या मनगटावर ओघळलेलं रक्त पुसलं. पदराला लाल लागलं आणि थोडं काळंही.

त्याने गॅरेजच्या वर एक खोली घेतली. शिंपीकाका भेटायला आले, दोन शर्ट शिवून घेऊन. बटणांच्या जागी त्यांनी एका हाताने लावता येतील असे हूक लावले होते. दाताच्या रिकाम्या जागेतून शिट्टी मारत बोलायची त्यांना आता सवय झाली होती.

“झाडं फुटली रे,” ते म्हणाले. “अकराच्या अकरा, बुंध्यातून. कुणी पाणीसुद्धा घातलं नाही. आणि गंमत बघ, एकही फांदी आत वळलेली नाही.”

काका गेल्यावर त्याने पट्टी बदलायला घेतली. बारावा दिवस होता. दुपारचे अडीच वाजले असतील. खाली मिस्त्री कुणाला तरी शिव्या देत होता. डाव्या हाताने फटाक्याने एकेक वेढा उलगडला. डाव्या हाताला आता सगळं नीट जमू लागलं होतं, जरा जास्तच नीट.

जखमा भरल्या होत्या. गुलाबी, गुळगुळीत. फक्त पहिल्या बोटाच्या थोटकाला, काप होता त्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला, काहीतरी टोचल्यासारखं ठणकत होतं. त्याने हात खिडकीच्या उजेडात धरला.

एक लालसर टोक वर आलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, टोकदार, ओलसर.

त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. वळायला काही नव्हतं. ते टोक मात्र हललं, हळूच, उजेडाच्या बाजूला.